संप्रेरकसदृश रसायनांची प्राणिविरहित तपासणी

संप्रेरकसदृश रसायनांची प्राणिविरहित तपासणी म्हणजे शरीरातील संप्रेरकांची नक्कल करणारी किंवा त्यांच्या कार्यात अडथळा आणणारी रसायने जिवंत प्राण्यांवर प्रयोग न करता ओळखण्याच्या पद्धतींचा समूह होय. या पद्धतींत मानवी पेशींचे संवर्ध, शुद्ध स्वरूपातील प्रथिने, संगणकीय प्रारूपे आणि अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील मासे व बेडूक यांचे भ्रूण वापरले जातात. एखादे रसायन संप्रेरकासारखे वागू शकते का, या प्रश्नाचे उत्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकापुरते आज या पद्धतींनी विश्वासार्हपणे देता येते. त्या वागण्यामुळे संपूर्ण शरीराला प्रत्यक्ष अपाय होईल का, हा पुढचा प्रश्न मात्र अजून वादाचा आहे.

संप्रेरके आणि त्यांची नक्कल

संप्रेरके ही अंतःस्रावी ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणारी रासायनिक संदेशवाहक द्रव्ये आहेत. शरीराची वाढ, चयापचय, पुनरुत्पादन व गर्भाचा विकास यांवर त्यांचे नियंत्रण असते. रक्तातील त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. प्रत्येक संप्रेरक पेशीतील ठरावीक ग्राही प्रथिनाशी जोडले जाते. कुलपात योग्य किल्ली बसावी तसे हे घडते आणि त्यानंतर पेशीतील विशिष्ट जनुके कार्यान्वित होतात.

रचनेने बरीच वेगळी असलेली काही रसायनेही याच कुलपात बसतात. त्यांतील काही कुलूप उघडतात, म्हणजे संप्रेरकाची नक्कल करतात. काही नुसतीच अडकून बसतात आणि खऱ्या संप्रेरकाला वाट देत नाहीत. याखेरीज संप्रेरकाची निर्मिती, वहन किंवा विघटन बिघडवणारी रसायनेही आहेत. या सर्वांना एकत्रितपणे अंतःस्राव-विघातक रसायने म्हणतात. प्लास्टिक उद्योगातील बिस्फेनॉल-ए, काही फ्थॅलेट संयुगे, अपमार्जकांपासून निर्माण होणारे नोनिलफेनॉल आणि डीडीटीसारखी कीटकनाशके ही त्यांची परिचित उदाहरणे होत. सोयाबीनमधील जेनिस्टीनसारखी काही वनस्पतिज द्रव्येही इस्ट्रोजेनची सौम्य नक्कल करतात.

पार्श्वभूमी

संप्रेरकाची नक्कल किती महागात पडू शकते, हे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या औषधाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. गर्भपात टळावा म्हणून १९४० च्या दशकापासून ते गर्भवती स्त्रियांना दिले जाऊ लागले. शिकागो येथे झालेल्या व १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा काही उपयोग होत नसल्याचे आढळले, तरीही त्याचा वापर थांबला नाही. पुढे १९७१ साली बोस्टनमधील आर्थर हर्बस्ट व सहकाऱ्यांनी तरुण मुलींमध्ये आढळलेल्या योनिमार्गाच्या एका अतिदुर्मीळ कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील आठ रुग्णांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भारपणात हे औषध घेतले होते.

या घटनेने दोन गोष्टी समोर आल्या. औषध घेतले आईने आणि अपाय झाला गर्भातील मुलीला, ही पहिली गोष्ट. तो अपाय दिसायला पंधरा-वीस वर्षे लागली, ही दुसरी. ज्या रसायनाचा परिणाम एक पिढी उलटल्यावर दिसतो, त्याची तपासणी रोगाची वाट पाहून करता येत नाही. ते रसायन माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ओळखणे आवश्यक ठरते.

रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२ सालच्या ग्रंथाने कीटकनाशकांच्या दूरगामी परिणामांकडे जगाचे लक्ष वेधले होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड येथे १९९१ साली थिओ कोलबर्न यांच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांची परिषद भरली आणि तेथे अंतःस्राव-विघातक ही संकल्पना रूढ झाली. त्याच वर्षी बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो व कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेचा एक अनपेक्षित अनुभव प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेन मिळाल्यावरच जोमाने वाढणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशी त्यांच्याकडे इस्ट्रोजेन न देताही वाढू लागल्या होत्या. शोध घेता प्रयोगातील प्लास्टिकच्या नळ्यांमधून नोनिलफेनॉल झिरपत असल्याचे निष्पन्न झाले. संप्रेरकाची ही नक्कल कोणत्याही प्राण्याच्या साहाय्याविना, काचपात्रातील पेशींनीच उघडकीस आणली होती.

प्राण्यांवरील चाचण्या

या क्षेत्रातील जुन्या चाचण्या उंदरांवर केल्या जातात. गर्भाशयवृद्धी चाचणीत वयात न आलेल्या किंवा बीजांडकोश काढून टाकलेल्या मादी उंदरांना सलग किमान तीन दिवस रसायन देतात, त्यानंतर त्यांना मारून गर्भाशयाचे वजन करतात. वजन वाढले असल्यास रसायन इस्ट्रोजेनसारखे वागते असे मानतात. हर्शबर्गर चाचणीत वृषणे काढलेल्या नर उंदरांना दहा दिवस रसायन देऊन पुरःस्थ ग्रंथीसह पाच ऊतींचे वजन करतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजेच ओईसीडीने, या चाचण्यांची मार्गदर्शक तत्त्वे अनुक्रमे २००७ व २००९ साली स्वीकारली. प्रजननावरील परिणाम एकाहून अधिक पिढ्यांत पाहणाऱ्या अभ्यासांत तर पिल्ले धरून एका रसायनासाठी हजाराहून अधिक प्राणी लागतात.

या पद्धतींवरील आक्षेप केवळ भूतदयेपुरते नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा आहे. अमेरिकेच्या संसदेने १९९६ साली कायदा करून तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, संप्रेरकसदृश रसायने शोधण्याचा कार्यक्रम राबवण्यास सांगितले. त्यासाठी ११ चाचण्यांचा संच ठरला, पैकी सहा प्राण्यांवरील होत्या. चाचण्यांचे पहिले आदेश २००९ साली निघाले आणि पहिल्या यादीतील ५२ रसायनांचे निष्कर्ष २०१५ साली जाहीर झाले. कार्यक्रमाच्या कक्षेत मात्र सुमारे १०,००० रसायने येत होती. या गतीने संपूर्ण यादी तपासण्यास शतके लागली असती.

दुसरा आक्षेप विश्वासार्हतेचा आहे. गर्भाशयवृद्धी चाचणीच्या प्रसिद्ध निष्कर्षांचे संकलन २०१६ साली करण्यात आले. मार्गदर्शक तत्त्वांशी जुळणारे किमान दोन अभ्यास उपलब्ध असलेल्या ७० रसायनांपैकी १८ रसायनांच्या बाबतीत ते अभ्यास एकमेकांशी सहमत नव्हते. नव्या पद्धतीची पारख प्राण्यांवरील चाचणीशी ताडून केली जाते. तो मापदंडच जेथे दर चार रसायनांमागे एकाच्या बाबतीत डळमळतो, तेथे नव्या पद्धतीकडून शंभर टक्के जुळणीची अपेक्षा ठेवता येत नाही.

प्राणिविरहित पद्धती

ग्राहीशी बंधन: या चाचणीत ग्राही प्रथिनाला किरणोत्सर्गी अणू जोडलेले खरे संप्रेरक आधी चिकटवतात आणि मग तपासावयाचे रसायन मिसळतात. रसायनाने संप्रेरकाला त्याच्या जागेवरून किती प्रमाणात हुसकावले, हे मोजले जाते. पूर्वी यासाठी उंदराच्या गर्भाशयातून काढलेले ग्राही वापरत. प्रयोगशाळेत तयार केलेले मानवी ग्राही वापरणाऱ्या पद्धतींना ओईसीडीने २०१५ साली मान्यता दिली. ही चाचणी बंधन दाखवते, परंतु कुलूप उघडले की नुसते अडले, हे तिच्यावरून कळत नाही.

प्रकाशदर्शक पेशी: ही उणीव पुढील चाचणी भरून काढते. काजव्याच्या शरीरात प्रकाश निर्माण करणाऱ्या ल्युसिफरेज या विकराचे जनुक मानवी पेशींत अशा रीतीने बसवतात की इस्ट्रोजेनचा ग्राही कार्यान्वित झाला तरच ते जनुक जागे व्हावे. पेशींना रसायन दिल्यावर प्रकाश वाढला तर ते रसायन संप्रेरकाची नक्कल करते. खऱ्या संप्रेरकामुळे आधीच पडलेला प्रकाश रसायन मिसळल्यावर मंदावला, तर ते अडथळा आणते. इस्ट्रोजेनसाठी अशा चाचणीचे मार्गदर्शक तत्त्व २००९ साली आणि पुरुषसंप्रेरकांसाठी २०१६ साली स्वीकारले गेले. या कामात काटेकोरपणा फार लागतो. संवर्धन माध्यमाला रंग देण्यासाठी नेहमी वापरले जाणारे फिनॉल रेड हेही इस्ट्रोजेनची सौम्य नक्कल करते, म्हणून या चाचण्यांत ते वगळावे लागते.

संप्रेरकनिर्मिती: काही रसायने ग्राहीला स्पर्शही करत नाहीत, पण संप्रेरक तयार करणारी यंत्रणा बिघडवतात. ती शोधण्यासाठी मानवी अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगापासून मिळवलेल्या एच२९५आर या पेशी वापरतात. या पेशी टेस्टोस्टेरॉन व इस्ट्राडायॉल ही दोन्ही संप्रेरके तयार करतात. ४८ तास रसायनाच्या संपर्कात ठेवल्यावर दोहोंचे प्रमाण वाढले की घटले, हे पाहतात. ही पद्धत २०११ साली मान्य झाली.

संगणकीय प्रारूपे: ज्ञात रसायनांची रचना व त्यांचे वर्तन यांतील संबंध शोधून नव्या रसायनाविषयी अंदाज बांधणे, हे या प्रारूपांचे काम होय. अमेरिका व युरोपातील १७ संशोधनगटांनी एकत्र येऊन ३२,००० हून अधिक रसायनांच्या इस्ट्रोजेनसदृशतेचे भाकीत केले. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. अशा भाकितांचा उपयोग प्रामुख्याने कोणते रसायन आधी तपासावे, हे ठरवण्यासाठी होतो.

भ्रूणांवरील चाचण्या: युरोपीय संघाच्या २०१० सालच्या निर्देशानुसार माशाचा भ्रूण किंवा बेडकाची डिंभावस्था स्वतंत्रपणे अन्न घेऊ लागेपर्यंत प्रयोगातील संरक्षित प्राण्यांत गणली जात नाही. या टप्प्याआधीच संपणाऱ्या काही चाचण्या विकसित झाल्या आहेत. झेनोपस बेडकाच्या जनुकांत बदल करून अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांवरील परिणाम प्रकाशाच्या रूपाने पाहणारी चाचणी २०१९ साली, तर झेब्रा माशाच्या भ्रूणावरील इस्ट्रोजेनविषयक चाचणी २०२१ साली ओईसीडीने स्वीकारली. शब्दशः पाहता या चाचण्या प्राणिविरहित नव्हेत. कायद्याच्या व्याख्येत मात्र त्या तशा गणल्या जातात.

इस्ट्रोजेन प्रारूप

प्रत्येक चाचणीला स्वतःचे दोष असतात. एखादे रसायन पेशींनाच विषारी असल्याने प्रकाश मंदावतो, तर एखादे ल्युसिफरेजच्या कार्यातच ढवळाढवळ करते. म्हणून एकाच चाचणीवर विसंबणे धोक्याचे असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ सालच्या अहवालात प्राण्यांऐवजी मानवी पेशींतील जैविक प्रक्रियांवर आधारित तपासणीची दिशा सुचवली. त्याच वर्षी ईपीएने टॉक्सकास्ट हा उपक्रम सुरू केला. त्यात यंत्रमानवाच्या मदतीने हजारो रसायने शेकडो चाचण्यांतून नेली जातात.

या उपक्रमातून इस्ट्रोजेनसाठी १८ चाचण्यांचे एक गणिती प्रारूप तयार झाले. रसायन ग्राहीला चिकटणे, ग्राहीच्या जोड्या होणे, त्या जोड्या डीएनएशी जोडल्या जाणे, जनुके जागी होणे आणि शेवटी पेशींची संख्या वाढणे, अशा साखळीतील प्रत्येक कडी या चाचण्या वेगवेगळ्या तंत्रांनी तपासतात. सर्व कड्यांवर सुसंगत परिणाम दिसला तरच रसायन खरे नक्कलकार ठरते. एखाद्याच तंत्रात परिणाम दिसल्यास तो त्या तंत्राचा दोष मानला जातो. प्रत्येक रसायनाला शून्य ते एक या दरम्यान गुण मिळतात. या पद्धतीने १,८१२ रसायने तपासण्यात आली. गर्भाशयवृद्धी चाचणीचे निष्कर्ष खात्रीने ज्ञात असलेल्या रसायनांच्या बाबतीत प्रारूपाचे उत्तर ८६ टक्के जुळले. अनिर्णायक गुण वगळल्यास हे प्रमाण ९५ टक्के होते.

त्याआधारे ईपीएने जून २०१५ मध्ये हे प्रारूप ११ चाचण्यांपैकी तीन इस्ट्रोजेनविषयक चाचण्यांना पर्याय म्हणून स्वीकारत असल्याचे जाहीर केले. त्यात उंदरांवरील गर्भाशयवृद्धी चाचणीचाही समावेश होता. पुढील संशोधनात योग्य निवड केल्यास अवघ्या चार चाचण्यांवरही जवळपास तेच उत्तर मिळते, असे दिसून आले. त्यामुळे मोठी यंत्रसामग्री नसलेल्या प्रयोगशाळांनाही ही पद्धत आवाक्यात येऊ शकते. पुरुषसंप्रेरकांसाठी ११ चाचण्यांचे असेच प्रारूप २०१७ साली प्रसिद्ध झाले.

मर्यादा

चयापचयाचा अभाव ही पेशींवरील चाचण्यांची सर्वांत मोठी उणीव होय. शरीरात गेलेले रसायन यकृतात बदलते. मेथॉक्सिक्लोर हे कीटकनाशक स्वतः इस्ट्रोजेनची फारशी नक्कल करत नाही, परंतु यकृतात त्यापासून तयार होणारे संयुग ती नक्कल जोरकसपणे करते. उलट, बिस्फेनॉल-ए यकृतात अशा संयुगात रूपांतरित होते की जे इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटत नाही. काचपात्रातील पेशींत यकृताचे हे कार्य बहुधा नसते, म्हणून पहिले रसायन निर्दोष आणि दुसरे प्रत्यक्षाहून अधिक घातक वाटण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून चाचणीत यकृतातील विकर मिसळण्याच्या पद्धती विकसित होत आहेत. तसेच पेशींवर परिणाम करणारी मात्रा माणसाच्या रोजच्या सेवनात किती होईल, याचे गणित मांडले जाते.

दुसरी मर्यादा अवटू ग्रंथीची. तिच्या कार्यात आयोडीन शोषून घेणारे प्रथिन, संप्रेरक घडवणारे विकर, रक्तातील वाहक प्रथिने आणि ऊतींतील रूपांतरक विकर अशा अनेक जागा आहेत. रसायन यांपैकी कोठेही आघात करू शकते. गर्भाच्या मेंदूचा विकास आईच्या अवटू संप्रेरकांवर अवलंबून असल्याने या चाचण्यांना विशेष महत्त्व आहे, तथापि इस्ट्रोजेनसारखे सर्वमान्य प्रारूप येथे अद्याप तयार झालेले नाही.

तिसरी बाब साधनांच्या शुद्धतेची. पेशी वाढवण्यासाठी वापरला जाणारा द्रव अनेकदा गायीच्या गर्भातील रक्तापासून बनवलेला असतो. त्यामुळे प्राणिविरहित हे विशेषण सर्वस्वी खरे ठरत नाही. पेशींची ओळखही तपासून पाहावी लागते. मानवी बीजांडकोशातील म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेलेली एक पेशीमालिका प्रत्यक्षात स्तनकर्करोगाच्या पेशींची निघाली आणि तिचे नाव बदलावे लागले. तिने दिलेले इस्ट्रोजेनविषयक निष्कर्ष मात्र त्यामुळे बाद ठरले नाहीत.

एका बाबतीत मात्र या पद्धती प्राण्यांवरील चाचण्यांहून सरस आहेत. माणसाचा संबंध एका रसायनाशी नव्हे, तर अनेकांच्या मिश्रणाशी येतो. लंडनमधील संशोधकांनी २००२ साली इस्ट्रोजेनची सौम्य नक्कल करणारी आठ रसायने एकत्र केली. प्रत्येकाचे प्रमाण एकट्याने परिणाम न दाखवण्याइतके कमी होते, तरी मानवी ग्राही बसवलेल्या यीस्ट पेशींवर मिश्रणाचा परिणाम स्पष्ट दिसला. मिश्रणांच्या असंख्य शक्यता उंदरांवर तपासणे व्यवहारात शक्य नसते.

पुराव्याचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००२ साली ठरलेली व्याख्या आज बहुतेक कायद्यांचा आधार आहे. तिच्यानुसार अंतःस्राव-विघातक म्हणजे संप्रेरकव्यवस्थेचे कार्य बदलणारा आणि परिणामी अखंड सजीवात, त्याच्या संततीत किंवा समूहात अपाय घडवणारा बाह्य पदार्थ होय. या व्याख्येत अखंड सजीव हा शब्दप्रयोग निर्णायक आहे. पेशी म्हणजे अखंड सजीव नव्हे. त्यामुळे पेशींवरील चाचण्यांनी कितीही ठामपणे नक्कल दाखवली, तरी व्याख्येतील अपायाची अट त्यांनी पूर्ण होत नाही. युरोपीय संघाचे जैवनाशके व कीटकनाशके यांसाठीचे २०१८ पासून लागू झालेले निकषही अपाय, अंतःस्रावी क्रिया आणि दोहोंतील संबंध या तिन्ही गोष्टी मागतात.

याचा परिणाम दुहेरी होतो. पेशींवरील चाचणीत रसायन निर्दोष आढळले तर प्राण्यांवरील चाचणी टळू शकते. ते दोषी आढळले, तर अपाय सिद्ध करण्यासाठी पुन्हा प्राण्यांकडे वळावे लागते आणि तोवर रसायन बाजारात राहू शकते. ही दरी सांधण्यासाठी अपायमार्ग ही संकल्पना २०१० पासून पुढे आली. रेणूच्या पातळीवरील पहिल्या घटनेपासून सजीवाच्या अपायापर्यंतच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीमागील पुरावा तीत क्रमाने मांडला जातो. उदाहरणार्थ, अरोमॅटेज हे विकर अडले की माशाच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते, अंड्यातील पिवळ्या बलकाचे प्रथिन कमी तयार होते, अंडी कमी घातली जातात आणि अखेर माशांची संख्या घटते. असा मार्ग पूर्वीच सिद्ध झालेला असेल, तर नवे रसायन त्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवते एवढे दाखवणे पुरेसे मानावे, असा या विचाराच्या पुरस्कर्त्यांचा आग्रह आहे. ज्या संयुगाचे उपलब्ध मार्ग अपूर्ण आहेत, त्याच्याबाबत हा आधार अपुरा पडतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

कायदे व सद्यस्थिती

युरोपीय संघात प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर मार्च २०१३ पासून पूर्ण बंदी आहे. त्यामुळे केवळ प्रसाधनांसाठी वापरल्या जाणाऱ्या नव्या घटकांच्या बाबतीत प्राणिविरहित पद्धती हाच मार्ग उरतो. रसायनांच्या वर्गीकरणात अंतःस्राव-विघातक हे स्वतंत्र धोकावर्ग तेथे २०२३ साली समाविष्ट झाले.

भारताने प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर व अशा प्रसाधनांच्या आयातीवर २०१४ साली बंदी घातली. नव्या औषधांच्या चाचणीनियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन पेशी, कृत्रिम ऊती व संगणकीय पद्धती यांना वाव मिळाला. भारत ओईसीडीचा सदस्य नसला तरी २०११ पासून परस्पर चाचणीमान्यतेच्या व्यवस्थेत सहभागी आहे. त्यामुळे भारतातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ओईसीडीच्या तत्त्वांनुसार झालेली चाचणी सदस्य देशांत ग्राह्य धरली जाते आणि तिची पुनरावृत्ती टळते.

अमेरिकेत पर्याय मान्य होऊनही कार्यक्रमाची गती मंदच राहिली. ईपीएच्या महानिरीक्षकांनी २०२१ सालच्या अहवालात कीटकनाशकांच्या तपासणीत मर्यादित प्रगती झाल्याची टीका केली. त्यानंतर २०२३ साली संस्थेने इस्ट्रोजेन व पुरुषसंप्रेरक प्रारूपांचे स्थान पुन्हा स्पष्ट केले. या दोन संप्रेरकांसाठी साधने बऱ्याच अंशी सिद्ध आहेत. अवटू ग्रंथी, चयापचयाचे विकार आणि गर्भावस्थेतील परिणाम यांसाठीच्या पद्धतींवर काम चालू आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलचा अपाय उघड होण्यास जेवढी वर्षे लागली, तेवढी यापुढे लागू नयेत, ही या सर्व तपासणीची मूळ कसोटी आहे.